नाळ पडेपर्यंत

माझ्या सासूबाई मिशनरी आहेत. हे वाक्य मी माहेरी, पुण्यात, पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा काकूने हातातली कपबशी खाली ठेवली आणि आवाज बारीक करून विचारलं, "म्हणजे, लोकांना बाटवतात?"

काकूवर चिडायचा मला काही अधिकार नव्हता, कारण सिंगापूरला आल्यावर हाच प्रश्न मी स्वतः सासूबाईंना विचारला. जरा बऱ्या शब्दांत, पण हाच. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कळा सुरू झालेल्या बाईला उपदेश कोण करत बसतं गं? आधी हात धुवायचे, पाणी उकळायचं. रविवारी बोलते मी प्रभूबद्दल. यायचे ते येतात, नाही ते शेतावर जातात. त्यात लपवायचंय काय?" आणि उरलेली अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

नवरा नगरकडचा ख्रिस्ती, मी हिंदू घरातली. आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडे जे व्हायचं ते सगळं होऊन गेलं, ते इथे उगाळत बसत नाही. सासूबाईंनी मला तेव्हाही एका शब्दाने "बदल" म्हटलं नाही, आणि घरात गणपती बसवताना मीही कधी त्यांची परवानगी मागितली नाही. त्या गणपतीला हात जोडत नाहीत. पण मोदकाची पारी माझ्यापेक्षा पातळ करतात, आणि ते दरवर्षी मला ऐकवतातही.

त्या जन्मभर नर्स होत्या. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात, बहुतेक काळ बाळंतिणींच्या वॉर्डात. सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. तोआ पायोहमध्ये भाड्याचा फ्लॅट, मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. लिफ्टने खाली जायचं, बाकावर बसायचं, लिफ्टने वर यायचं. महिनाभरात त्या लिफ्टला पिंजरा म्हणायला लागल्या. मग एका रविवारी त्यांना जवळच एक चर्च सापडलं. माणसं बहुतेक चिनी, बहुतेक निवृत्त, उपासना इंग्रजीत. त्या चर्चचं मलावीतल्या एका खेड्याशी जुनं नातं होतं. दरवर्षी चारपाच जण तिथे जाऊन तीन महिने राहायचे. त्यांच्यात प्लंबर होता, हिशेब बघणारा होता, शिक्षक होते. बाळंतपणाचं काम येणारं कुणी नव्हतं. मग काय विचारता! साठी ओलांडलेली माझी सासू, सुती साडी, वर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट, अशा वेषात आफ्रिकेला गेली. पुढच्या वर्षी परत गेली. मग जातच राहिली.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? इथे माझ्या मुलीला शाळेतून आणायला माणूस नाही, ऑफिसातून मी धावतपळत येतेय, आणि ह्या तिकडे जगाच्या लेकरांची टाळू भरतायत. बरं, परत यायच्या त्या वाळलेल्या, रापलेल्या आणि वर खुशीत. आल्यावर पंधरा दिवस आमचं सगळं चुकायचं. पाणी किती सोडता, अन्न किती टाकता, एसी कशाला, नातीचे एवढे बूट कशाला. नवरा हसून सोडून द्यायचा. त्याचं काय जातंय, त्याची आई. मी तोंड आवळून भांडी आपटायची, आणि त्या मुकाट्याने ती भांडी पुसून जागेवर लावायच्या.

पण त्या तिथलं सांगायला लागल्या की मी हातातलं काम सोडून ऐकायची, हेही खरं. दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. मोठं हॉस्पिटल गाडीने तीन तासांवर, तेही गाडी मिळाली तर. गावातली एक पन्नाशीची सुईण सासूबाईंनी हाताशी धरली होती. पहिल्या वर्षी ती ह्यांच्याकडे संशयाने बघायची, दुसऱ्या वर्षी वाद घालायला लागली, तिसऱ्या वर्षी दोघींचं सूत जमलं. गाव ह्यांना आगोगो म्हणायचं, म्हणजे आजी. रविवारी त्या आपली नगरची मराठी भजनं म्हणायच्या, आणि तिथल्या बायका टाळ्यांनी असा ठेका धरायच्या की, "आमच्या देवळातला तबलजी लाजेल गं," असं त्या अगदी मनापासून सांगायच्या. नगरकडे चर्चलाही देऊळच म्हणतात.

त्या गावात शाळेत शिकवणारी एक तरुण बाई होती. मी तिला मनातल्या मनात मास्तरीणबाई म्हणते. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं सासूबाईंच्या हातात जन्मलं आणि रडलंच नाही. त्याबद्दल त्या फार बोलायच्या नाहीत. एवढंच म्हणाल्या होत्या, की त्या बाईने बाळ मागून घेतलं, बराच वेळ मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "आगोगो, तिसऱ्याला याल ना?" ह्यांनी शब्द दिला, की तिसरं मीच हातात घेईन आणि रडवीन.

गेल्या वर्षी सुईणीचा व्हॉइस मेसेज आला, की मास्तरीणबाईंना फ्रॉक आखूड व्हायला लागलेत. दिवस गेलेत असं सरळ कुणी सांगत नाही तिकडे. सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले, कॅलेंडरकडे बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी बॅगेला तेलपाणी करायला घेतलं. बॅगेची चाकं करकरतात म्हणून. मी त्यांना इतकं आनंदात क्वचित पाहिलंय.

आणि मग त्यांची छाती दुखली. ॲन्जिओप्लास्टी झाली, सगळं वेळेत झालं, निभावलं. पण डॉक्टरांनी सांगितलं, निदान सहा महिने लांबचा प्रवास नाही, आणि हॉस्पिटल जवळ नसेल अशा ठिकाणी तर मुळीच नाही. इन्शुरन्सवाल्यांनी नाही म्हटलं, म्हणून चर्चच्या कमिटीनेही नाही म्हटलं. नवऱ्याने तर विषयच काढू दिला नाही. बॅग परत कपाटावर गेली.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून आम्ही एका शनिवारी पुलाउ उबीन बेटावर गेलो. ती जागा त्यांना आवडते. बोटीतून उतरलं की कोंबड्या, पत्र्याची घरं, फणस, लाल माती. नवरा आणि मुलगी सायकली घेऊन पुढे गेले. आम्ही दोघी शहाळ्यांच्या टपरीजवळ सावलीत बसलो. मला वाटलं, बाई आता जरा मोकळेपणाने गप्पा मारतील.

"तुझ्या त्या कार्डावर विमानाचं तिकीट निघतं ना?" त्यांनी विचारलं.

"कुठलं तिकीट?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"तिकडचं. तुझ्या नवऱ्याला नको सांगू. जायचं तेवढं काढ. यायचं बघू."

त्या "यायचं बघू"ने माझं टाळकंच सरकलं. "आई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? हृदयात ताजी स्प्रिंग बसवलीये. तिथे तुम्हाला काही झालं तर त्या बायकांनी बाळंतीण सांभाळायची का तुमची तिरडी बांधायची?"

"आमच्यात तिरडी नसते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पेटी असते."

"पेटी तर पेटी! पण ती आणायची कुणी?"

"आणायची कशाला? तिथे काय माती नाही?"

शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली, म्हणजे माझा आवाज नक्कीच चढला असणार. मी म्हटलं, मुलाचा विचार करा, नातीचा करा. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे मी रोजच असते. तिला एका दिवसापुरती हवी आहे. मी शब्द दिलाय गं."

"मी नाही काढणार."

"बरं."

त्या "बरं"वर आमचे पुढचे कित्येक दिवस गेले. चहा देऊ? बरं. डाळ शिजवू? बरं. भांडण केलं असतं तर परवडलं असतं.

मग त्यांनी आपला मार्ग काढला. सुईणीकडे फोन होता, आणि गावात दुकानाजवळ आणि दवाखान्याच्या खोलीत बरी रेंज यायची. रोज दुपारी, म्हणजे तिकडे सकाळ असायची, दोघींचं बोलणं सुरू झालं. मी घरून काम करत असले की मला सगळं ऐकू यायचं. थोडं इंग्रजी, थोडी तिकडची भाषा, आणि सुईणीचा मुद्दा पटला नाही की शुद्ध मराठी. बहुतेक वेळा बोलणं मक्याचं असायचं. मका कसा आहे, मका वर आहे की खाली, मक्याला पाणी जास्त झालंय का. मला वाटलं, बाई आता शेतीही शिकवायला लागल्या. एकदा माझी ऑफिसची मीटिंग चालू असताना त्या जोरात ओरडल्या, "मका फिरला? डोकं खाली? देवा, तुझे उपकार!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोटुशी बाईचं नाव घ्यायचं नाही, पोटाचा उल्लेख करायचा नाही, म्हणून हा मका. मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, your corn story very power lah." आजीने तिला लाटणं दाखवलं.

असं सगळं नीट चाललं होतं. दिवस भरत आले. आणि मग तो रविवार आला.

ऑपरेशननंतर त्यांनी एकटीने कुठे जायचं नाही, असा नवऱ्याचा हुकूम होता, म्हणून उपासनेला मी सोबत गेले. मी मागच्या रांगेत बसते, फोन बघते, गाणी चांगली असली तर ऐकते. त्या दिवशी गाणी झाली आणि मिशन कमिटीचे अध्यक्ष पुढे आले. सत्तरीचे गृहस्थ, सगळे त्यांना अंकल म्हणतात. अतिशय भला माणूस. दरवर्षी विमानतळावर सासूबाईंची बॅग हेच उचलतात. त्यांनी सासूबाईंकडे बघून हात हलवला, हसले, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर फोटो झळकला. मास्तरीणबाईंचा. मागच्या वर्षीच्या सहलीतला, शाळेसमोरचा. खाली तिचं पूर्ण नाव. त्याखाली, दोन बाळं गेली, आता तिसऱ्यांदा गरोदर आहे, ह्याच महिन्यात प्रसूती, सर्वांनी प्रार्थना करावी आणि हा संदेश पुढे पाठवावा.

लोकांनी प्रेमाने मान वळवून सासूबाईंकडे बघितलं. यंदा जाता आलं नाही बिचारीला, म्हणून तिच्यासाठी ही खास प्रार्थना, असा सगळा बेत होता. सगळ्यांना वाटलं, आता ह्यांच्या डोळ्यांत पाणी येणार.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "बंद करा," त्या मराठीतच म्हणाल्या. मग इंग्रजीत, "Off! Off it!" आणि ताडताड पुढे चालत गेल्या. मी मागून धावले, मला त्यांच्या छातीची धास्ती. त्यांनी पडद्यासमोर जाऊन दोन्ही हात पसरले, म्हणजे फोटो झाकला जाईल. तो कसला झाकला जातोय! तिचा चेहरा ह्यांच्या साडीवर पडला.

मग त्यांनी माइक न घेता सगळ्यांना सुनावलं. तिथे पोटुशी बाईचं नाव चारचौघांत घेत नाहीत. कुणाची वाईट नजर, कुणाचा मत्सर, त्या बायका सगळ्याला भितात, आणि जिची दोन गेलीत ती तर किती भीत असेल. बाळंतपणाच्या खोलीचं दार एकदा लागलं की नाळ गळून पडेपर्यंत आतलं बाहेर जात नाही. मूल झालं का, मुलगा का मुलगी, जगलं का गेलं, बाहेरच्याला एक अक्षर कळत नाही. "आणि तुम्ही तिला पडद्यावर टांगलंत!"

अंकलचा चेहरा पांढरा पडला. ते हळूच म्हणाले, "पण आपण प्रार्थनाच करतोय ना, सिस्टर."

"देवाला तिचं घर माहीत आहे. त्याला फोटो लागत नाही."

मी त्यांचा दंड धरला. कुणीतरी पडदा बंद केला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तोच संदेश सकाळी अंकलनी ग्रुपवर टाकला होता आणि त्या ग्रुपमध्ये तिथल्या गावच्या चर्चचे पाळकही होते. संध्याकाळपर्यंत त्या गावात ज्याच्याकडे फोन होता त्या प्रत्येकाने तो बघितलेला असणार. घरी येताना सासूबाई लिफ्टमध्ये एवढंच म्हणाल्या, "आता मला कशाला आत घेतील त्या?"

सोमवारी दुपारी सुईणीचा फोन आला नाही. सासूबाईंनी लावला, तो नुसता वाजत राहिला. मंगळवारी मला ऑफिसला जाणं भाग होतं. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून मी दोनदा घरी फोन केला, त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा नवऱ्याने लावला तेव्हा म्हणाल्या, मी बरी आहे, मला फोन करू नका, आणि ठेवून दिला. संध्याकाळी घरी आले तर त्यांच्या खोलीचं दार बंद. आमच्या घरात ते दार कधी बंद नसतं.

त्या दिवसापासून त्या बदलल्याच. फारसं बोलणं नाही. सकाळी आंघोळ, केस विंचरून घट्ट अंबाडा, आणि दुपार झाली की दार लावून आत. जेवायला बसल्या की म्हणायच्या, "माझ्या वरणात मीठ घालू नकोस." मला वाटलं, चला, निदान आता डॉक्टरांचं ऐकायला लागल्या.

"आई, तिकडचं काही कळलं का?" मी एकदा विचारलं.

"विचारू नकोस."

"म्हणजे वाईट..."

"विचारू नकोस म्हटलं ना."

मी नवऱ्याला म्हटलं, बाळ गेलं असणार. तो म्हणाला, किंवा त्यांनी आईशी संबंधच तोडला असेल. कुठलं जास्त वाईट ते आम्हाला ठरवता येईना. मी अंकलना फोन केला. त्यांनाही काही कळलं नव्हतं, पाळकांनाही नाही. ते बिचारे सारखं सॉरी म्हणत होते, मला म्हणून काय उपयोग? मी नको नको म्हणत असताना त्यांनी आणून दिलेली संत्री तशीच पडून राहिली.

आणि माझी अवस्था काय सांगू? जिला मी कधी पाहिलं नाही, जिचा फोटो फक्त पडद्यावर बघितला, त्या बाईचा मला रात्रंदिवस घोर लागला. मेट्रोच्या सर्कल लाइनमध्ये उभ्याउभ्या मला रडू फुटलं, एका मुलीने मला टिशू काढून दिला. मनात सारखं यायचं, तिकीट काढून दिलं असतं तर? अनुभवी हात तिथे असता. लगेच दुसरं मन म्हणायचं, अगं, मग आईच तिथे संपल्या असत्या, नवऱ्याला काय तोंड दाखवलं असतंस? दोन्ही खरं होतं. मी रडत होते आणि चिडतही होते. त्यांच्यावर, अंकलवर, स्वतःवर, त्या गावावर, त्या बंद दारावर.

असाच आठवडा गेला. त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. वरणाचं पातेलं गॅसवर होतं. सासूबाई आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज माझ्या वरणात मीठ घाल."

मी वळून बघितलं.

"मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "त्या मंगळवारी. तिकडे आज पहाटे नाळ पडली."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं कशाला? मी होतेच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या मंगळवारी दुपारी सुईणीचा फोन आला. दार लावायच्या आधी तिने विचारलं, "आगोगो, आत येतेस का बाहेर राहतेस? आलीस तर आतलीच, मग बाहेर बोलायचं नाही." पडद्यावरच्या प्रकाराबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. मास्तरीणबाईच आतून ओरडली म्हणे, की तिला आत घ्या, मग दार लावा. सुईणीने फोन एका भांड्याला टेकवून ठेवला. सासूबाई दुपारभर त्या खोलीत होत्या. डोकं आलं तेव्हा नाळ मानेभोवती होती. नंतरही सुईण रोज दुपारी दार लावून फोन करत होती, बाळ दाखवत होती, पान्हा कसा आहे, ताप नाही ना, सगळं ह्यांना विचारत होती. खोलीतल्या बायका नाळ पडेपर्यंत अळणी खातात, म्हणून ह्यांचंही मीठ बंद. "माझा विश्वास नाही त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "पण आतल्या सगळ्या खातात तसंच खायचं."

मला आनंद झाला का? झाला, खूप झाला. पण आधी स्फोट झाला. "आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? मी इथे वेड्यासारखी रडतेय, तुमचा मुलगा धड जेवत नाहीये, ते अंकल संत्री घेऊन येतायत! मी काय त्यांच्या गावात जाऊन दवंडी पिटणार होते?"

"तिचा नवरा ओसरीवर बसून होता. त्यालासुद्धा आज दाखवलं बाळ. तुला कशी सांगणार?"

"मी कुणाला सांगितलं असतं हो?"

"पुण्याला आईला फोन केला असतास."

केलाच असता.

"त्या रविवारनंतर त्यांनी मला आत घेतलं," त्या म्हणाल्या. "नसतं घेतलं तरी मी काय म्हणू शकले असते? मग मी त्यांचं एवढं तरी पाळायला नको?"

त्यांनी फोन पुढे केला. दार आता उघडलं होतं, म्हणून फोटो आला होता. फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेली, मुठी आवळलेली, कपाळाला आठ्या घातलेली मुलगी. मी म्हटलं, काय छान आहे हो, आणि मला परत रडू आलं. मी डोळे पुसून शिऱ्यासाठी रवा काढायला वळले.

डबा घेऊन मागे बघितलं, तर सासूबाई आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होत्या. "हातात नाही घेतली गं," त्या म्हणाल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. सासऱ्यांच्या वेळीसुद्धा त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या. "सगळं बघितलं. रडली तेही ऐकलं. हात मात्र असेच रिकामे. तू तिकीट काढून द्यायला हवं होतंस."

"नाही," मी म्हटलं. तेव्हाही नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन. "तुम्ही जिवंत आला नसता."

"नसते आले तर नसते आले."

"आई, असं बोलू नका."

त्यांनी माझा हात धरून जवळ ओढला, आपल्या पदराचं टोक माझ्या मनगटाभोवती फिरवलं आणि घट्ट केलं. "अशी होती नाळ, मानेभोवती. मी सुईणीला सांगितलं, ओढू नकोस, घाबरू नकोस, दोन बोटं आत घाल." त्यांनी दोन बोटं पदराखाली घातली. त्यांची बोटं गार होती. "आणि हळू, डोक्यावरून अशी सरकव." पदर अलगद सुटून आला. त्यांनी तो परत गुंडाळला, परत बोटं घातली, परत सोडवला. मग परत गुंडाळला. गॅसवर वरण उतू गेलं. मी हात तसाच राहू दिला.